पहाटेची मांडामांड

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, पाचव्या स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीत दावीद म्हणतो, सकाळी मी तुझ्यापुढे मांडतो आणि वाट पाहतो. काय मांडतो, ते मूळ हिब्रू ओळीत लिहिलेलंच नाही. भाषांतरकार तिथे ‘प्रार्थना’ हा शब्द आपल्या पदरचा घालतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र मूळ क्रियापद डोळ्यांपुढे ठेवलं तर सकाळच्या प्रार्थनेतली निम्मी कोडी सुटतात. ते क्रियापद आहे ‘अराख’. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात अब्राहाम वेदीवर लाकडं रचतो, तिथे हेच क्रियापद येतं. लेवीय या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात पवित्र मेजावर बारा भाकरी सहा-सहाच्या दोन रांगांत ठेवायच्या असतात, तिथेही हेच. म्हणजे हे मनाच्या उमाळ्याचं क्रियापद नव्हे, हातांचं आहे. मराठीत त्याला ‘मांडणे’ चपखल बसतं. आपण चूल मांडतो, पाट मांडतो, संसार मांडतो आणि गाऱ्हाणंही मांडतो.

पहाटे उठून डोळे मिटले आणि आतून काही उमटलंच नाही, म्हणून प्रार्थना सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांची चूक एवढीच की ते लाकडं न रचता आगीची वाट पाहतात.

मांडामांड रात्रीच करून ठेवायची असते. स्तोत्रसंहितेची सुरुवातच पाहा. तिसऱ्या स्तोत्रात ‘मी निजलो, झोपी गेलो, जागा झालो’ असं आहे, म्हणजे सकाळ. चौथ्यात निर्धास्त झोपी जाण्याची गोष्ट, म्हणजे रात्र. पाचव्यात पुन्हा सकाळ. सहाव्यात रात्रभर आसवांनी अंथरूण भिजलेलं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही आधी संध्याकाळ होते, मग सकाळ, आणि मग ‘हा पहिला दिवस’. बायबलचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या प्रार्थनेचं पहिलं काम आदल्या रात्री दहाला असतं: शास्त्र, म्हणजे बायबल, कुठे ठेवायचं, खुणेची रिबीन कोणत्या पानावर, चष्मा कुठे, आणि मोबाइल कोणत्या खोलीत. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. गजरासाठी मोबाइल उशाशी ठेवला, तर गजर बंद करताना अंगठा आपोआप पुढे सरकतो आणि प्रार्थनेआधी चाळीस ‘गुड मॉर्निंग’ वाचून होतात. त्यांतली दहा वचनांचीच असतात, हे खरं. पण दुसऱ्याने फुलांवर छापून पाठवलेलं वचन म्हणजे शेजारच्या घरून येणारा फोडणीचा वास. त्याने पोट भरत नाही. गजराचं साधं घड्याळ दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते घ्यावं.

जागेबद्दल येशूचा सल्ला प्रसिद्ध आहे: खोलीत जा, दार लाव. एका खोलीत सहा माणसं झोपणाऱ्या घरात हे वचन वाचलं की हसू येतं. पण मत्तयाने वापरलेला ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ हा मुळात कोठीच्या खोलीचा, धान्यधुन्य ठेवायच्या जागेचा. लूकच्या १२व्या अध्यायात कावळ्यांना कोठी नाही आणि कोठार नाही असं म्हटलंय, तिथे कोठीसाठी हाच शब्द आहे. तेव्हा पिंपं आणि डबे असलेला स्वयंपाकघरातला कोपरा शास्त्राला धरूनच आहे. जागा रोज तीच असावी, एवढंच. शरीराला सवय लागते. त्या पाटावर बसलं की निम्मं मन आपसूक वळतं. पलंगावर बसून प्रार्थना करू नये. पाठीला उशी लागली की तिसऱ्या मिनिटाला डुलकी लागते. गुडघे टेकणं उत्तम, पण साठीनंतर दुखऱ्या गुडघ्यांवर दहा मिनिटं काढली तर देवापेक्षा गुडघ्याचंच स्मरण जास्त होतं. सरळ पाठीची खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकलेले असावेत. झोप अनावर असेल तर उभं राहावं किंवा गच्चीवर फेऱ्या मारत प्रार्थना करावी. येशू स्वतः पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडून एकांतात गेला होता, मार्कच्या पहिल्याच अध्यायात.

वेळ किती द्यायची? सुरुवातीला पंधरा मिनिटं. तासाभराचा संकल्प करणारे आठवड्यात गळतात, कारण तासभर बोलण्याइतकी लाकडं त्यांनी गोळाच केलेली नसतात. पंधरा मिनिटांची वाटणी साधारण अशी करता येते: पहिला एक मिनिट गप्प बसायचं, मग ‘पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’. तीन मिनिटं एक स्तोत्र, मोठ्याने. चार-पाच मिनिटं शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, आठ-दहा ओळी, दोनदा. चार मिनिटं आपली प्रार्थना आणि येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’. उरलेली दोन मिनिटं पुन्हा गप्प. घड्याळ समोर ठेवायला लाजू नये. शेवटची दोन मिनिटं सगळ्यांत आधी कापली जातात, म्हणूनच ती मोजायची.

मराठी कानाला पहाट म्हटलं की भूपाळी आठवते, काकडआरती आठवते. तिथे देवाला उठवतात. ख्रिस्ती प्रार्थनेत हा क्रम उलटा आहे. १२१वं स्तोत्र बजावतं की इस्राएलचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही. तो जागाच आहे. उठायचं आहे ते आपण. ५७व्या स्तोत्रात दावीद वीणेला आणि सतारीला हाक मारून उठवतो आणि वर म्हणतो, मी पहाटेलाच जागं करीन. सूर्याच्या आधी उठलेल्या माणसाची ही ऐट आहे, आणि फार गोड आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती काव्याने पहाटेचा मराठी सूर मात्र सोडला नाही. फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलेलं ख्रिस्तपुराण ओवीत रचलं. नारायण वामन टिळकांनी अभंग हाताशी घेतला. म्हणून सकाळी एखादं गीत गायचं असेल तर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडावं आणि एकच कडवं घ्यावं. सहा कडव्यांचं गीत सहा दिवस पुरतं.

आता स्तोत्रं. ती दीडशे आहेत, आणि नुसतं ‘आज कोणतं वाचू’ म्हणत बसलं की माणूस पुन्हापुन्हा २३व्यावरच, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’वरच जातो. मेंढपाळ चांगलाच आहे, पण रोज हिरव्या कुरणात लोळणाऱ्याला काळोख्या ८८व्याची ओळख कधी व्हायची? इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकाने महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून सगळी दीडशे बसवली. १ तारखेच्या सकाळी पहिली पाच येतात, म्हणजे ‘मांडतो आणि वाट पाहतो’ ही ओळ महिन्याच्या पहिल्याच सकाळी तोंडी येते. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात इंग्लंडच्या मंडळीच्या परंपरेतल्या अँग्लिकन मंडळ्याही आल्या आणि हा वारसाही आला. कॅथलिकांच्या प्रहरप्रार्थनेत जवळजवळ हेच काम चार आठवड्यांच्या चक्रात होतं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासी दीडशेच्या दीडशे दर आठवड्याला संपवत. ते आपल्यासाठी नव्हे. आपल्याला लोकल पकडायची असते.

घरी चालणारी सोपी युक्ती तारखेची आहे. आजची तारीख घ्यायची आणि तीस-तीस मिळवत जायचं. १२ तारखेला १२, ४२, ७२, १०२ आणि १३२. पाचांपैकी त्या दिवशी जवळचं वाटेल ते एक वाचायचं; पुढच्या महिन्यात दुसरं. फक्त २९ तारखेला फसगत होते, कारण त्या दिवशी ५२ ओळींचं ८९वं आणि १७६ ओळींचं ११९वं दोन्ही एकदम येतात. ११९वं ३१ तारखेसाठी राखून ठेवावं. आठ-आठ ओळींचे त्याचे बावीस गट आहेत; एक गट एका वेळेला भरपूर झाला.

१ जानेवारीला ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ सुरू करणाऱ्यांचं काय होतं, तेही हिशेबाने सांगता येतं. प्रोटेस्टंट बायबलचे एकूण अध्याय ११८९, म्हणजे रोजचे सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून २८ जानेवारीच्या सुमारास गाडी लेवीयमध्ये शिरते. होमबली, चरबी, गुरदे, महारोगाची तपासणी. बहुतेक रिबिनी तिथेच कायमच्या थांबलेल्या दिसतात. लेवीयचा यात दोष नाही. भाकरीच्या रांगा आपल्याला तिथेच तर सापडल्या. पण अभ्यासाचं वाचन आणि सकाळचं वाचन ही दोन वेगळी कामं आहेत. अभ्यास रात्री करावा, वही घेऊन. सकाळी शुभवर्तमानातला लहानसा उतारा पुरे.

आणि मोठ्याने वाचावं. पहिलं स्तोत्र रात्रंदिवस ‘मनन’ करणाऱ्याला धन्य म्हणतं, तिथलं हिब्रू क्रियापद ‘हागा’ आवाजाचं आहे. यशयाच्या ३१व्या अध्यायात सिंह आपल्या शिकारीवर गुरगुरतो तेव्हा तेच येतं आणि ३८व्यात पारवा घुमतो तेव्हाही तेच. मनन म्हणजे भुवया आकसून केलेला विचार असं आपण धरून चालतो. मुळात ते पुटपुटणं आहे, पारव्यासारखं घुमणं. घरात बाकीचे झोपले असतील तर कुजबुजत वाचावं, पण ओठ हलले पाहिजेत. पहिल्या वाचनात अर्थ घ्यायचा. दुसऱ्यात कुठे अडखळायला होतं ते पाहायचं. जिथे अडखळलं तो शब्द उचलायचा आणि दिवसभर गुरासारखा रवंथ करायचा. जुने मठवासी रवंथ हाच शब्द वापरत.

प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते, हीच तिची अडचण. अर्ध्या मिनिटात तोंडाने संपते आणि मन तोवर दूध उतू गेलं का ते पाहून आलेलं असतं. १५३५ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गच्या पेटर नावाच्या आपल्या न्हाव्याला प्रार्थनेवर एक दीर्घ पत्र लिहिलं. तो न्हाव्याला न्हाव्याचंच उदाहरण देतो: चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि मन वस्तऱ्यावर असतात, तो गप्पांत रंगून इकडेतिकडे पाहू लागला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, गळाही कापेल. तशी प्रार्थना करणाऱ्याची सगळी इंद्रियं तिथे हवीत. ल्यूथरने सांगितलेली रीत सोपी आहे. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं, आणि तेच वाक्य आपल्या शब्दांत उलगडायचं. सगळी वाक्यं रोज उलगडायची गरज नाही. मधेच एखादा चांगला विचार उगवला तर बाकीचं बाजूला ठेवून तो ऐकावा, कारण पवित्र आत्मा बोलू लागला तर त्याचा एक शब्द आपल्या हजार प्रार्थनांहून मोलाचा. कॅथलिक आणि ल्यूथरन परंपरेत या प्रार्थनेत सात विनंत्या मोजतात आणि आठवड्याचे वारही सात. पूर्ण प्रार्थना रोज म्हणायची, पण सोमवारी ‘तुझे नाव’पाशी थांबायचं, मंगळवारी ‘तुझे राज्य’पाशी, असं पुढे.

या हिशेबाने गुरुवारी भाकर येते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ इथे मराठी शास्त्राने फार नेमका शब्द धरला आहे. पाव दोन दिवस टिकतो. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत मऊ, रात्री चिवट आणि दुसऱ्या सकाळी कडक होते. मग ती कुस्करून फोडणीला टाकतात. भाकरी मुळातच आजची असते. ‘रोजची’ म्हणून जो ग्रीक शब्द आहे, ‘एपिऊसिओस’, तो मत्तय आणि लूक सोडून जुन्या ग्रीक लिखाणात जवळजवळ सापडतच नाही. त्याचा एक अर्थ ‘येणाऱ्या दिवसाची’ असा लावतात. हीच विनंती रात्री केली तर ती उद्याची भाकर होते, पहाटे केली तर आजची. आणि सगळ्या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही. ‘आमची’, ‘आम्हांस’. पाटावर एकटं बसून म्हटली तरी ती अनेकवचनीच राहते. तव्याजवळ जो कुणी असेल, तोही त्या ‘आम्हां’त आला. शुक्रवारची ऋणाची विनंती त्याहून अवघड आहे: आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. ज्याच्या घरी उधारीची वही आहे त्याने शुक्रवारी जरा जास्तच वेळ थांबावं.

आपल्या शब्दांतल्या प्रार्थनेत जे बिघडतं ते बहुधा सवयीने बिघडतं. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘प्रभू’ हा शब्द स्वल्पविरामासारखा पडतो: प्रभू, आज प्रभू, आम्ही तुझ्याकडे प्रभू. एक सकाळ ठरवून ‘प्रभू’ एकदाच म्हणून पाहावं. वाक्यं किती कमी उरतात ते कळतं. दुसरी खोड बातम्या सांगण्याची. देवाला हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड आणि साखरेचा आकडा कळवायची गरज नसते. तिसरी कौटुंबिक प्रार्थनेत दिसते आणि ती सगळ्यांत लबाड: डोळे मिटून केलेलं प्रवचन. ‘प्रभू, या घरातल्या काहींना लवकर उठायची सुबुद्धी दे.’ ज्याच्यासाठी हे चाललंय त्याचे डोळे उघडे असतात. असं बोलायचं असेल तर चहाच्या वेळी तोंडावर बोलावं. कौटुंबिक प्रार्थना सात मिनिटांहून लांबवू नये; धाकट्याला चार ओळी वाचायला द्याव्यात आणि चुकला तर मधे दुरुस्त करू नये.

मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनांची, यादीही फुगते. ‘प्रार्थना करा हं’ असं येणारा-जाणारा म्हणतो आणि आपण हो म्हणतो. महिन्यात पन्नास नावं होतात आणि मग ती हजेरीसारखी वाचली जातात. वारांवर वाटून रोज सात-आठच नावं ठेवावीत. नाव उच्चारल्यावर एका श्वासाइतकं थांबावं आणि काम झालं की तारीख घालून खोडावं. यादीत पहिलं नाव कुणाचं, याचा एक मराठी मुलखातला दाखला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या आरंभी पंडिता रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेचा एक गट सुरू केला, सुमारे सत्तर जणींचा. भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, ही विनंती होती. आणि त्यांत आपणही आलो, हे रमाबाईंनी स्वच्छ म्हटलं आहे.

मन भरकटतंच. त्याच्याशी भांडण्यापेक्षा शेजारी एक कागद आणि पेन्सिल ठेवावी. ‘गॅस नंबर’, ‘फी शेवटची तारीख’ असं दोन शब्दांत लिहिलं की मन ते सोडतं. मोबाइलवर लिहू नये, हे सांगायला नकोच.

खाडा पडला तर? भरपाई करायची नाही. चुकलेली चार स्तोत्रं पाचव्या दिवशी एकदम वाचणाऱ्याचा सहावा दिवस हमखास बुडतो. निर्गमाच्या १६व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएलला दिलेलं अन्न, रोज सकाळी माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, गोळा करायचा होता. ऊन चढलं की तो विरघळायचा. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडले. कालचा परत मिळायची सोय नव्हती आणि शब्बाथाचा आदला दिवस सोडला तर उद्याचा आज नव्हता. त्या अध्यायाला थकबाकी माहीतच नाही.

आणि ज्यांना पंधरा मिनिटंही नाहीत? पहिल्या पाळीला जाणारा, डबे भरणारी, पाच-चाळीसची विरार लोकल धरणारी. त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या वाल्स गावी १८४४ साली फादर गोत्रेले यांनी एक वाट दाखवली. दूरच्या मिशनवर जायला उतावीळ झालेल्या आणि अभ्यासाला कंटाळलेल्या तरुण येशूसंघीयांना (जेझुइटांना) त्यांनी सांगितलं की आजचा अभ्यास आणि आजचा कंटाळा हेच सकाळी देवाला अर्पण करा. त्यातून रुजलेल्या सकाळच्या अर्पणात चार गोष्टी येतात: आजच्या प्रार्थना, कामं, आनंद आणि दुःखं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वसईत सकाळी सहाला देवळाची घंटा तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ अशी वाजते; तेवढ्यात भाजीची टोपली खाली न ठेवताही हे होतं. त्याला कमी दर्जाची प्रार्थना म्हणणाऱ्यांनी एकदा पाच-चाळीसची धरून पाहावी.

काही महिने असे येतात की लाकडं रचलेली, वेळ पाळलेली, आणि तरी सगळं गार. त्या वेळी ८८वं स्तोत्र काढावं. दीडशेत सर्वांत काळोखं तेच आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. पण त्याच्या १३व्या ओळीत तो माणूस म्हणतो, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. उत्तर नाही, मित्र नाहीत, उजेड नाही; सकाळचा नेम तेवढा आहे. अशा दिवसांत आपले शब्द जमवत बसू नये. छापील प्रार्थना घ्यावी, दुसऱ्याच्या शब्दांवर उभं राहावं. पाठ प्रार्थनेला यांत्रिक म्हणणारे लोक बहुधा अजून ८८व्यापर्यंत पोचलेले नसतात.

राहिलं दुसरं क्रियापद. ‘वाट पाहतो’ हे पाचव्या स्तोत्रात पहारेकऱ्याचं क्रियापद आहे, वेशीवर उभा राहून लांब नजर लावणाऱ्याचं. अर्ज खिडकीत टाकून निघून जाणाऱ्याला ते लागू पडत नाही. ती शेवटची दोन मिनिटं यासाठी असतात. हात मांडीवर, डोळे उघडे चालतील, काही मागायचं नाही. खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल वाजेल, शेजारचा पंप सुरू होईल, घरातलं कुणीतरी कूस बदलेल. पहारेकऱ्याने हे सगळं ऐकायचं असतं. मग घड्याळ पाहायचं, रिबीन उद्याच्या पानावर सरकवायची आणि गॅसवर चहाचं आधण ठेवायचं.